आधी हात कोणी द्यायचा

बाबा, काल माझा हात हवेतच राहिला. तुमच्या नातीला ज्याच्याशी लग्न करायचंय, त्या मुलाचे आईवडील अकोल्याहून आमच्याकडे अमरावतीला आले होते. मुलगा आपल्यातला नाही, हे तिनं आधीच सांगितलं होतं. दारातच मी त्याच्या वडिलांपुढे हात केला. त्यांनी क्षणभर हाताकडे पाहिलं आणि छातीशी हात जोडले. "नमस्कार ताई, नमस्कार." मीही घाईघाईनं जोडले. नंतर त्यांनी पोहे आवडीनं खाल्ले, पाणी मागून घेतलं, चहाची तारीफ केली. मी मात्र गप्पा सोडून हेच टिपत बसले होते.

अजून डोळ्यांपुढे आहे: माझ्या पहिल्या इंटरव्ह्यूच्या आदल्या दिवशी सरावासाठी तुम्ही आपल्या स्वयंपाकघरात साहेब होऊन पाटावर बसला आहात. आई भाकरी थापतेय. तुम्ही सांगताय, "मोठ्या माणसानं आंधी हात द्याचा. बाई असली तं तिनं आंधी." मी विचारते, "मी लहानी बी अन् बाई बी. मंग म्या काय करू?" तुम्ही म्हणता, "तू आंधीच दे. नमस्कार दुरून बी होते. हातासाठी माणसाले जवळ याव लागते." आई म्हणते, "पोरगी काय कलेक्टर हाय का?" त्यावर तुम्ही तिचाच पिठाचा हात धरून हलवता. "सोडा, भाकर करपून राह्यली!"

तेव्हा मी हसले होते. पण तुमच्या ऑफिसात नवे साहेब आले, त्यांनी ओळीनं सगळ्यांना हात दिला आणि तुम्हाला तेवढा नमस्कार केला, ते मला आठवत होतं. आई म्हणाली होती, वयाचा मान ठेवला असंन. दुसऱ्या दिवशी केबिनमध्ये जाऊन तुम्हीच हात पुढे केला, आणि त्यांनी दिला. "मंग त्यायनं हात पुसला का?" आईनं विचारलं. "म्या पाह्यलं नाई. पाह्याचं नसते."

मला ते जमत नाही, बाबा. मी पाहते. काल पाहुणे गेल्यावर पोरगी म्हणाली, "आई, तू काहून इतका विचार करून राहिली? तू बाई आहेस, म्हणून नमस्कार केला त्यांनी. कोरोनापासून तर कोणीच हात देत नाही." बरोबर असेल तिचं. तसंच असावं, असं मलाही फार वाटतं. पण नसेल, तर ती त्याच घरात रोज राहणार आहे. तिला शंका बोलून दाखवली, तर एका चांगल्या माणसावर मी उगाच डाग लावला असं होईल, आणि तो तिच्याही मनातून जाणार नाही. गप्प राहिले, तर माहीत असून पाठवलं असं होईल. आणि माहीत तरी काय आहे मला?

रविवारी आम्ही त्यांच्याकडे जाणार आहोत. तारीख तिथंच ठरेल. मी पुन्हा हात पुढे केला आणि त्यांनी पुन्हा जोडले, तरी मला काहीच कळणार नाही. दिला, तर पोरीकडून ऐकून पोरानं घरी सांगितलं असेल असं वाटेल. तुम्ही असता तर म्हणाला असता, तू आंधीच दे.

मी मोठी फळांची टोपली न्यायची ठरवलीय, बाबा. दोन्ही हातांनी धरावी लागेल अशी.