सातवा रकाना

४ जुलै, सकाळी ८
आजपासून कामाला लागलो. जीवशास्त्राच्या प्राध्यापकांनाच गणिताची धास्ती, मग मुलांचं काय! उपाय: प्राध्यापकांचं नेटवर्क. एका वर्षात पन्नास कॉलेजं. नियम एकच, प्रत्येकाने गणिताचा जोडीदार आणायचा; ऑनलाइन सभासद-फॉर्मही तसाच बनवला. माझी घरातच आहे, बायकोच गणिताची. म्हणजे सध्या बहिणीकडे. चार दिवसांत येईल.

७ जुलै
नमुना म्हणून बेडकांच्या पिल्लांची गेल्या महिन्यातली वर्कशीट सगळीकडे पाठवली. बेडूक माझे, गणितं हिची. वर नाव फक्त माझं, त्यावरूनच रुसवा. नाव राहिलं नाही, गाळलंय, असं म्हणाली जाताना. अहो, जागाच नव्हती! डिग्र्या लिहाव्या लागल्या.

१२ जुलै
ग्रुपमध्ये काल एक (मी), आज दोन. दुप्पट! आलेख काढला. महिन्याभरात सगळं जग सभासद. दोन ठिपक्यांवरून रेघ ओढली की ही पोट धरून हसायची. घर शांत आहे. कामाला बरंच.

२० जुलै
पहिली ऑनलाइन मीटिंग. हजर: आमचा लॅब असिस्टंट. रजा मागायला आला होता.

२ ऑगस्ट
उत्तर आलं!! परगावच्या बॉटनीच्या मॅडम. तिसरं गणित फार सुंदर, कसं सुचलं म्हणे. सहज, असं कळवलं. मग तिथे लॉग का घेतला ते विचारलं. आली का पंचाईत! हिला फोन केला. दहा मिनिटं छान समजावलं, नेहमीसारखं. कधी येतेस विचारलं. म्हणाली, तू लॉगसाठी फोन केला होतास, ते झालं.

३ ऑगस्ट
हिचं उत्तर जसंच्या तसं पाठवलं. मॅडमनी विचारलं, हे नक्की कोण बोलतंय? दोनदा खोटं लिहून खोडलं. शेवटी हिचं नाव, नंबर दिला. आता खूश होऊन येईल.

२८ ऑगस्ट
आली नाही. दोघींनी मिळून नेटवर्क सुरू केलं. एकतीस कॉलेजं! फॉर्म माझाच वापरलाय. वर्कशीट नवी: वर हिचं नाव, खाली 'बेडूक:' आणि माझं, दोन्ही डिग्र्यांसकट. जागा होती की.

१० सप्टेंबर, दुपारी ४
सभासद व्हायला बसलो. सातवा रकाना: गणिताच्या जोडीदाराचं नाव. हिचं लिहिलं. ही व्यक्ती आधीच जोडीत आहे, असं आलं. फोन केला, उचलला नाही. मला ती हवी आहे. गणितासाठी नाही, नुसती घरात हवी आहे. हे तेव्हा लॉगच्या आधी बोलायला हवं होतं. रकाना रिकामा ठेवून पाहिला. फॉर्म पुढे जात नाही. रकाना सक्तीचा करणारी लाल चांदणी मीच लावली होती, कोणी एकट्याने घुसू नये म्हणून.