परदेशी कांदा

आबा, तुम्हांला जाऊन एकोणीस वर्षं झाली आणि आज पहिल्यांदाच लिहायला बसलेय, कारण परवा मार्केट यार्डात जे झालं त्यानं माझं डोकंच बधिर झालंय. तुम्ही तिथं जन्मभर काट्यावर माल तोलणारे तोलार होतात. मी तिथंच एका अडत्याच्या गाळ्यावर माल उतरवून घेते. आपल्या कांद्याचा भाव जरा कुठं वर आला, तोच सरकारनं बाहेरदेशच्या कांद्याला दार मोकळं केलं, अन् आठ दिवसांत भाव कोसळला. त्यात निवडणूक तोंडावर. झेंडे घेऊन माणसं आली, लिलाव बंद पाडले, आणि दिसेल त्या ट्रकात परदेशी माल हुडकायला लागली.

फाटकाशी एक ट्रक अडवलेला. नव्याकोऱ्या जाळीच्या पिशव्या, आत हे एवढाले कांदे. पुढारी म्हणतो, "ही तोलाराची लेक हाय, हिला इचारा. हिच्या बापाला कांद्यातलं जेवढं कळायचं तेवढं कुणाला न्हाय." सगळी माणसं माझ्याकडं बघतात. आणि मी, आबा, दहा हातांवरूनच म्हणते, "आपल्याकडचा न्हाय ह्यो."

बास. ट्रकवाल्याला खाली ओढलं. "अवो, मोडनिंबचा माल हाय, माझ्या मेव्हण्याच्या रानातला! नवं बियाणं हाय!" तो ओरडत होता, ऐकतंय कोण? मारणाऱ्यांत आपले हमाल होते, तुमच्या डब्यातली भाकरी खाल्लेले! कांद्यापायी माणसाला असं मारतात? मला अजून खरंच वाटत नाही. काठी त्याच्या डोळ्यावर बसली. फुटलेल्या पिशवीतला एक कांदा माझ्या पायाशी आला. उचलला, साल चोळली, वास घेतला. आपलाच होता. लहानपणी नुसता ढीग बघून मी "चांगला हाय" म्हणाले होते, तेव्हा तुम्ही माझं मनगट धरून बजावलं होतं, "हातात घेतल्याबिगर बोलायचं न्हाय. लोकांच्या पोटाचा प्रश्न हाय." एवढं साधं, तेही ऐन वेळी आठवलं नाही मला. खरं सांगू? चारचौघांत तुमचा विषय निघाला अन् मला लई भारी वाटलं होतं.

काल दुपारी दवाखान्यात गेले. त्याचा डोळा वाचेल की नाही, डॉक्टर काही बोलत नाहीत. त्याच्या बायकोला वाटलं, मी मदतीला आलेय. तिनं उठून स्वतःचं स्टूल मला दिलं. म्हणाली, "ताई, तुमी हुता की तितं. कुणी सांगितलं वो त्यास्नी, माल बाहेरचा हाय म्हणून?"

मी म्हणाले, "गर्दी लई हुती, कळलं न्हाय."

हे तिला सांगायचं होतं, आबा. तुम्हांला सांगतेय, कारण तुम्ही जाब विचारायला येणार नाही.