फहाहीलमध्ये कुठे जेवावे

॥ श्री ॥

फहाहील, कुवेत
२१ फेब्रुवारी १९९७

चि. जगन्नाथ यास ताईचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र पोचलं. फोन का करत नाहीस, असं विचारतोस. टेलिफोन खात्यात चौतीस वर्षं काढून सुपरवायझर म्हणून निवृत्त झालेल्या बाईला परदेशी फोनचे दर कुणी सांगावे लागत नाहीत. तीन मिनिटांत आपलं साधं भांडणसुद्धा पुरं होत नाही. पत्रच बरं.

इकडे सर्व ठीक. दत्तप्रसाद पहाटेच मीना अब्दुल्लाच्या रिफायनरीत जातो आणि दुपारी येऊन झोपतो. मुलगा आहे की पाहुणा, कळत नाही. विशाखा सून म्हणून चांगलीच आहे, पण प्रत्येक भाजीत टोमॅटो घालते. प्रियांकाला मराठीत विचारलं की नात इंग्रजीत उत्तर देते, आणि ते इंग्रजी असं, की आमच्या कॉन्व्हेंटच्या नन्सनी मला त्यासाठी वर्गाबाहेर उभं केलं असतं.

डॉक्टरांनी तुझा नारळ आणि तळण बंद केलं म्हणून मी इथे काय खाते ते सविस्तर लिहावं, ही मागणी निर्लज्ज आहे. पण योगायोगाने इथल्या मराठी मंडळाचे सेक्रेटरी जयप्रकाश यांनीही तेच मागितलंय. पाडव्याच्या स्मरणिकेसाठी ‘फहाहीलमध्ये खवय्यांनी कुठे जेवावे’ असा लेख. कुवेतच्या दक्षिणेचं हे एवढंसं शहर, पण दर चार दुकानांमागे एक हॉटेल. आतापर्यंत नऊ झाली. एका उडप्याकडे एकशे चाळीस पदार्थांचं कार्ड आहे आणि त्या सगळ्यांना एकच रस्सा. मोगलाई म्हणवणाऱ्याकडे कोंबडी श्रीखंडाइतकी गोड. इराण्याची भट्टीतून काढलेली परातीएवढी रोटी मात्र अशी, की घरी पोचेपर्यंत निम्मी संपते. आणि प्रत्येक ठिकाणी बाईमाणूस दिसलं की ‘फॅमिली सेक्शन’मध्ये कोंबतात. प्लायवूडची खोली, पुढे पडदा, वेटर बाहेरून खोकून आत येतो. बासष्टाव्या वर्षी मला पडद्यात बसवतात! मी दोनदा पडदा ओढून काढला. दत्ता म्हणतो, आता मी तुझ्याबरोबर येणार नाही.

पण खरी गोष्ट पुढे आहे. गेल्या शुक्रवारी ओट्याखालच्या कपाटाचं दार बसवायला लवू नावाचा सुतार आला. आपल्याकडच्या परुळ्याचा. खाली वाकला आणि त्याच्या शर्टाला आपल्या बांगड्याच्या कालवणातल्या तिरफळांचा वास आला. मी दार राहू दे म्हटलं आणि उलटतपासणी घेतली. दोन खोल्या घेऊन हा तीस एकट्या माणसांची मेस चालवतो. त्याच दुपारी दत्ताला घेऊन गेले. बाई आत आलेली बघून तीसही जणांच्या माना खाली, जणू परीक्षा चालू आहे. मला तांदळाच्या पोत्यावर बसवलं. वफ्राच्या शेतांवर काम करणारा श्रीवर्धनचा अफताब नावाचा एक जण आहे, दोन बस बदलून दर शुक्रवारी येतो. त्याने स्वतःच्या ताटातला बांगडा मला वाढला आणि सांगितलं, की आठवडाभर तो काकडी आणि खुबूस ही इथली रोटी खातो, शुक्रवारी माणसात येतो.

जगन्नाथ, बांगड्याचं ते तिखलं! आईच्या हातचं होतं असं म्हणणार नाही. आईच्या हातचं इतकं चांगलं नसायचं, हे तुलाही ठाऊक आहे.

पथ्य पाळ. माझा राग आणि माया दोन्ही आहेत तशीच आहेत, हे जाणून असावे.

तुझी ताई,
रत्नमाला

———

वेंगुर्ला
१२ मार्च १९९७

ती. ताईस जगन्नाथाचा सा. न. वि. वि.

पत्र तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना तुझ्या भावजयीने ते हिसकावून घेतलं आणि म्हणाली, की नुसतं वाचूनही तुमचं वजन वाढेल. सध्या मला दुधीचं पाणी आणि चुलीवर भाजलेली भाकरी मिळते. आईच्या तिखल्याबद्दल तू लिहिलंस ते खरं आहे, पण कागदावर लिहायला नको होतं. भिंतीवरचा तिचा फोटो माझ्याकडेच रागाने बघतो आहे.

आता एक गंभीर गोष्ट. त्या लवूच्या दाराला पाटी आहे का? मी सत्तावीस वर्षं नगरपरिषदेच्या परवाना विभागात टेबल सांभाळलं. ज्या खानावळीला पाटी नसते तिच्याकडे कागद नसतो. त्यातून तुमच्याकडे तर माणूस ज्या कामाच्या इकाम्यावर, म्हणजे राहण्याच्या परवान्यावर, राहतो तेच काम त्याने करायचं असतं, असं इथे परतलेले लोक सांगतात. लवू कागदावर सुतार असेल तर त्याचं स्वयंपाक करणं कुणाच्या डोळ्यावर यायला नको. मेस बंद होईलच, वर त्याला विमानात बसवतील. तू त्याच्याबद्दल मला हवं तेवढं लिही. छापू मात्र नकोस.

तू माझं ऐकत नाहीस हे मला साठ वर्षांपासून माहीत आहे. या वेळी ऐक.

धाकट्यावर कृपा आहेच, ती अशीच राहू दे.

तुझा,
जगन्नाथ

———

फहाहील
१४ मार्च १९९७

चि. जगन्नाथ यास अनेक आशीर्वाद.

तुझं उत्तर नाही. पोस्ट झोपलंय की तू, कळव.

लेख दिला. अकरा हॉटेलांची यथास्थित हजेरी घेतली. जयप्रकाश म्हणत होते, की ताई जरा सौम्य करा, यातले तिघे आपल्याला जाहिराती देतात. मी म्हटलं, मग त्यांचाच लेख छापा. शेवटी मुकाट्याने घेऊन गेले.

शेवटचा संबंध परिच्छेद लवूचा आहे. शहरातली सर्वोत्तम जागा कोणती, तर ही, असं स्पष्ट लिहिलं. लोकांना सापडावी म्हणून खुणाही दिल्या. मासळी बाजारामागची गल्ली, शिंप्याच्या दुकानावरचा तिसरा मजला, दारासमोर चपलांचा ढीग असेल तेच घर. इतका हाताचा धनी माणूस जिन्याच्या अंधारात कुणाला ठाऊक नसावा, हा अन्याय मला बघवत नाही. लवूला सांगितलं नाही. छापून आलं की कसा चकित होईल!

तब्येतीचं खोटं न लिहिता कळव. आशीर्वाद कमी पडणार नाहीत.

ताई

———

फहाहील
२६ एप्रिल १९९७

चि. जगन्नाथ यास आशीर्वाद.

तुझं बारा मार्चचं पत्र चोवीस मार्चलाच मिळालं होतं. मी तशीच जयप्रकाशांकडे गेले. स्मरणिकेची पानं छापून झाली होती. तुला हे कळवलं नाही, कारण वाटलं, स्मरणिका कोण वाचतं? लोक तीत स्वतःचा फोटो बघतात आणि माळ्यावर टाकतात.

वाचली, जगन्नाथ. अठरा तारखेला ईदची सुट्टी आणि शुक्रवार. मी जेवायला गेले तर गल्लीत सोळा गाड्या. फरवानियापासून माणसं आली होती. रेशमी साड्या, गळ्यात कॅमेरे. एक बाई मला म्हणाली, की किती ऑथेंटिक आहे ना, आणि रुमाल अंथरून पोत्यावर बसली. दारात आलेल्या बायकापोरांना परत पाठवणं लवूला जमत नाही. वाढत राहिला. त्याची नेहमीची माणसं जिन्यात उभी राहिली, पायरीपायरीवर. दोनला अफताब पोचला तेव्हा भात आणि लोणचं उरलं होतं. मला बघून हसला आणि म्हणाला, की ताई, तुमच्या लेखाने लवूदादाचं नाव झालं. हे टोचून बोलणं असतं तर मी उलट उत्तर दिलं असतं. तो मनापासून म्हणाला.

काल पुन्हा तेच. काल मात्र हारिस, म्हणजे इमारतीचा राखणदार, वर आला. मालकाचा निरोप असा, की आणखी एका शुक्रवारी ही गर्दी दिसली तर घर रिकामं करायचं आणि इथे काय चालतं ते तो बलदियाला, म्हणजे इथल्या नगरपालिकेला, कळवणार. लवूचा इकामा सुतारकामाचाच आहे. पुढचं तू लिहिलंच होतंस.

मंडळाच्या लोकांना मी मनात खूप शिव्या दिल्या. मग माझ्या लक्षात आलं, की ती माणसं मी सांगितलेल्या रस्त्याने, मी सांगितलेल्या दाराशी गेली.

आता त्यांना जाऊ नका म्हणावं, तर कारण सांगावं लागेल. कारण चार घरांत गेलं की बलदियापर्यंत जायला कितीसा वेळ? आणि नुसतं नको म्हटलं तर दुप्पट जातील. आपलीच माणसं आहेत, मी ओळखते.

मंडळाचं मासिक पत्रक बुधवारी घरोघर जातं. मी काहीतरी लिहून देणार आहे. काय ते विचारू नकोस.

तुझी,
ताई

———

फहाहील
३ मे १९९७

चि. जगन्नाथ यास आशीर्वाद.

जन्मात पहिल्यांदा छापील खोटं लिहिलं. सोबत कात्रण पाठवत नाही, पण मजकूर असा: स्मरणिकेत मी ज्या मेसची शिफारस केली तिथे पुन्हा जेवल्यावर मला तीन दिवस अंथरुणावर काढावे लागले, मासळी शिळी होती, तिखलं आंबलं होतं, भांड्यांबद्दल न बोललेलं बरं, माझ्या वयात जीभ दगा देते, वाचकांनी क्षमा करावी आणि आपली पोटं सांभाळावीत. खाली पूर्ण नाव. सही करताना कॉन्व्हेंटच्या मदर मारिया आठवल्या. खोटं बोलणाऱ्या मुलींकडे त्या नुसत्या बघत. ते बघणं मी पत्रक वाटेपर्यंत सोसलं.

काल शुक्रवारी दत्ताला गल्लीत पाठवलं. एकच गाडी आली, आतल्या माणसाने काच खाली करून नाक दाबलं, गाडी गेली. हारिस खुर्चीवर पेंगत होता. जिन्यात नेहमीच्या चपला.

घरात मात्र माझे हाल आहेत. मला काही झालेलं नाही हे विशाखाला पटत नाही. मी आजार लपवला असं तिचं म्हणणं. मऊ भात, ताक, आणि दर दोन तासांनी साखरमिठाचं पाणी. मंडळाच्या बायका लिंबं घेऊन येतात आणि जाताना सांगतात, की आम्हाला पहिल्याच घासाला शंका आली होती. पहिल्या घासाला! चार चार वेळा वाढून घेतलेलं मी डोळ्यांनी पाहिलंय. आणि मला मान डोलवावी लागते.

मी आहे, बरी आहे, तू काळजी घे.

ताई

———

फहाहील
८ मे १९९७
हस्ते: दत्तप्रसाद साहेब

ती. रत्नमालाताईंस लवूचा शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र लिहिण्यास कारण की, मंडळाचं पत्रक अफताबने आणून दिलं. मी वाचलं. आमच्या पोरांना राग आला आहे, पण मला नाही. तुम्ही खोटं लिहिणाऱ्या नाहीत.

त्या दिवशीचे बांगडे मी सकाळी स्वतः निवडून आणले होते, तरी चूक झाली असेल. तुम्हाला त्रास झाला त्याची माफी मागतो. सोलं जुनी होती ती सगळी टाकली. भांडी सोड्याने घासली. काल तिखलं केलं ते मला आंबूस लागलं म्हणून टोप ओतून दिला. पोरं म्हणतात चांगलं आहे, पण ती माझी माणसं, मला वाईट म्हणणार नाहीत. नेमकं काय बिघडतं ते तुम्ही सांगितलंत तर सुधारीन. नाही सुधारलं तर मेस बंद करून सुतारकामच करीन. लोकांच्या पोटाशी खेळ नको.

तब्येतीस जपावे. चुकलं माकलं पोटात घालावे.

आपला,
लवू

———

फहाहील
१६ मे १९९७

चि. जगन्नाथ यास अनेक आशीर्वाद.

लवूचं पत्र सोबत जोडलं आहे. आधी ते वाच, मग हे.

वाचलंस? राखणदार पेंगतो आहे, मालक गप्प आहे, मेस वाचली, म्हणून मी स्वतःवर खूश होते. आणि तिकडे ज्याच्यासाठी हे केलं त्याने माझ्या शब्दावर विश्वास ठेवला. मालकाने बंद केली नसती ती मेस तो स्वतःच बंद करायला निघाला.

शुक्रवारी जाता येत नव्हतं, मंडळाचं कुणी बघितलं तर सगळंच फसतं. मंगळवारी सकाळी दहाला गेले, एकटी, टॅक्सीने. पोरं कामावर होती. लवू कांदा कापत बसला होता. मी उभ्यानेच सगळं सांगितलं: की मासळी ताजी होती, मला काही झालं नव्हतं, गर्दी थांबवायला मी खोटं लिहिलं, आणि त्याला आधी सांगायला हवं होतं ते माझ्या डोक्यात आलं नाही. क्षमा मागितली. तुला ठाऊक आहे, ही सवय मला नाही. शब्द नीट येत नव्हते.

त्याचा विश्वास बसला नाही! म्हणाला, की ताई, तुम्ही मोठ्या मनाच्या, माझं मन राखायला बोलता आहात. मी शपथ घेतली, तरी तो मान हलवत राहिला. म्हणाला, की पंधरा दिवस स्वतःचं कालवण चाखताना त्याला चव कळतच नाही, मीठ घालताना पोरांच्या तोंडाकडे बघतो.

चुलीवर टोप होता. मी वाटी मागितली. तो नको नको म्हणत राहिला, शेवटी वाढलं आणि समोर उकिडवा बसला. मी सावकाश खाल्लं. उत्तम आहे असं सांगणार होते, तेवढ्यात त्याच्या चेहऱ्याकडे लक्ष गेलं. स्तुती ऐकून घ्यायची आणि विश्वास ठेवायचा नाही, या तयारीने तो बसला होता.

म्हणून जे खरं होतं तेच सांगितलं. मीठ कमी आहे, तिरफळं ठेचली नाहीत, नुसती टाकलीत, आणि कांदा घाईत कापलाय. एवढं वाईट काम मी त्याच्याकडून अपेक्षिलं नव्हतं, हेही सांगितलं.

लवू उठला. मीठ घातलं. तिरफळं काढून पाट्यावर ठेचली आणि परत सोडली. मग स्वतः पळीतलं हातावर घेऊन चाखलं, डोळे मिटून, कुणाकडे न बघता. आणि माझ्याकडे वळून म्हणाला, की मासळी बाकी चांगली आहे ना? मी म्हटलं, मासळीबद्दल मी काही बोलले का?

तेव्हा कुठे हसला.

आता तिथे मला जाता येणार नाही, निदान मंडळाची ही कार्यकारिणी बदलेपर्यंत. लवूने डबा पाठवतो म्हटलं. मी नको म्हटलं, विशाखाच्या मऊ भातापुढे त्याचा वास लपणार नाही. येताना शिंप्याच्या दुकानापर्यंत तिरफळांचा वास येत होता. मी तिथे जरा उभी राहिले आणि मग टॅक्सी केली.

तुझ्या दुधीच्या पाण्याला आता मी हसणार नाही. इथून पुढे दोघं मिळून पथ्यावर आहोत.

मायेत अंतर नाही, तुझ्याकडूनही नसावे.

तुझी ताई,
रत्नमाला