मधल्या कड्याचा जोड

प्रिय धाकटे,

शुक्रवारी ते धूड टांगायचं नाही. पहिल्याच ओळीत लिहितोय, कारण पत्र अर्धं वाचून बाजूला टाकायची तुला खोड आहे आणि फोनवर तू मला तोंड उघडू देत नाहीस. हे तुझ्या नवऱ्याच्या हाती पाठवतोय. तू शेवटपर्यंत वाचेपर्यंत समोरून हलायचं नाही, अशी त्याला ताकीद दिलीय. अक्षर मोठं आणि ओळी तिरक्या आल्यात, त्यावर शेरे नकोत.

अगं, चार महिने नुसते नाकी नऊ आणलेस तू माझ्या. शेतीची जुनी यंत्रं चालावीत म्हणून मी चाळीस वर्षं राबलो आणि तुला तुझ्या शिल्पासाठी ती चालायलाच नकोत! पेरणी यंत्राचा जाम झालेला गिअर दोन दिवस रॉकेलमध्ये भिजवून मी सोडवला, चाक एका बोटाने फिरायला लागलं, तर कौतुक राहिलं बाजूला, तू कपाळाला हात लावलास. म्हणे ते अडकलेलंच हवं होतं. गंज घासला तरी ओरडा, नाही घासला तरी ओरडा. कुठला गंज 'बोलतो' आणि कुठला नुसताच गंज, हे मला मेल्याला काय कळणार? मळणी यंत्राचा ड्रम उलटा, त्याला गवत ओढायच्या यंत्राचे वाकडे दात, वर ट्रॅक्टरची सीट, आणि या सगळ्याचं नाव काय, तर 'विश्रांती'. यंत्राला कसली आलीय विश्रांती? बसून राहिलं की गंजतं. तुझी वहिनी म्हणते, अगदी तुमच्यासारखं.

लहानपणीही तेच. बाबांच्या वर्कशॉपमध्ये मी नटबोल्ट मापाप्रमाणे डब्यांत लावायचो, तू ते उपसून रंगाप्रमाणे लावायचीस आणि शिव्या मी खायचो. बाबांचं एक म्हणणं मात्र आपण दोघांनीही ऐकलं. वेल्डिंग झालं की जोडावर धातूची जी माळ उठते ती तशीच उघडी ठेवायची, घासायचं मशीन फिरवून ती गुळगुळीत करायची नाही. घासून लपवतो तो चोर, असं ते म्हणायचे. तुझ्या त्या धुडावर माझे तीसेक जोड आहेत. जाऊन बघ, एक सोडून सगळ्यांवर माळ दिसेल.

सोमवारी वाचनालयाच्या प्रवेशदालनात, जिथे ते टांगायचंय तिथे, इंजिनिअर आला होता, आठवतंय ना. बिचारा सरळ माणूस. टांगण्याआधी मधल्या कड्यावर वजन लावून तपासू, एवढंच म्हणाला. तू हसलीस आणि म्हणालीस, "माझ्या दादाने जोडलंय ते. तपासायचं काय त्यात?" आणि तो पठ्ठ्या चक्क न तपासताच निघाला. मीही त्याला जाऊ दिलं. दुसऱ्या दिवशी येऊन तुझ्याशी कडाकडा भांडलो, याला कला म्हणत नाहीत, भंगार म्हणतात, असं नको ते बोललो. तू रडलीस. मला वाटलं, चिडून महिनाभर तरी काम थांबवशील. पण तू कसली थांबतेस! उलट टांगणाऱ्या माणसांना शुक्रवार सांगून मोकळी झालीस. हट्टीपणात तू बाबांच्या वरताण आहेस.

आता ऐक. मला दिसत नाही, धाकटे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. डॉक्टरांनी हे काम सुरू व्हायच्या आधीच सांगितलं होतं, पण ऑपरेशन मी पुढे ढकललं, कारण तू दुसरा वेल्डर बघितला असतास आणि ते मला सोसलं नसतं. बाकीचे जोड सुरुवातीचे, तेव्हा बऱ्यापैकी दिसत होतं. मधलं कडं शेवटचं. काळ्या काचेतून मला नुसता उजेड दिसत होता, म्हणून ते मी आवाजावर जोडलं. मग बोट फिरवून पाहिलं, तर कुठे गोळे, कुठे भोकं. तेव्हाच कापायला हवं होतं. मी मशीन फिरवून ते गुळगुळीत केलं, आणि तू हात फिरवून म्हणालीस की किती सुरेख झालंय. अकराशे किलो त्या एका कड्यावर लटकणार आणि खालच्या बाकांवर मुलं पुस्तकं घेऊन बसणार. जन्मात असं काम मी केलं नव्हतं. मला फार लाज वाटते. समोर उभं राहून हे बोलता आलं नसतं, म्हणून लिहिलं. इंजिनिअरला हे पत्र दाखव. चांगला वेल्डर बोलव आणि ते कडं त्याच्याकडून कापून घे. आत काय निघालं ते मला सांगू नकोस. नाही, सांग. मी घरीच आहे.

तुझाच,
दादा