ठमीचे स्प्लिंट कोण काढतं

आई,

ठमीला घेऊन आम्ही दोघं इस्पितळात जातोय. तुला मुद्दामच उठवलं नाही. "पोरीला कशाला छळता रे?" असं तू म्हणाली असतीस आणि मी चपला पुन्हा काढून ठेवल्या असत्या. दूध तापवलंय.

काल डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सेरेब्रल पाल्सीत मेंदूची इजा वाढत नाही, पण स्नायू आखडत जातात. ठमीच्या टाचा आता जमिनीला टेकत नाहीत. त्यांनी विचारलं, "पाय ताणून धरणारे स्प्लिंट मधेच कोण काढतं?" मी म्हटलं, "मी." खोटं नव्हतं. ती रडली की दुपारी तू पट्टे सोडतेस, रविवारी मी. घरात एवढं एकमत दुसऱ्या कशावरही नाही. तिची आई रोज बांधते आणि वाईट ठरते.

आज पोटऱ्यांत इंजेक्शनं देऊन प्लास्टर घालतील. टाचा टेकल्या तर वॉकर धरून उभी राहील, नाहीतर ऑपरेशन. बरी कधी होणार, हे तेवढं आल्यावर विचारू नकोस.

प्लास्टर तीन आठवडे राहील. ते आपल्याला सोडता येत नाही, याचं मला बरंच वाटतंय.