वायरी लावणाऱ्या मुलीकडून

बाबा, तुम्हाला जाऊन एक तप उलटलं आणि मला अजून तुमच्याशी भांडायचं आहे. तेव्हा जमलं नाही. मोठ्यांच्या मध्ये बोलायचं नाही हा आपल्या घरचा नियम, आणि तुमचं बोलणं एकदा सुरू झालं की मध्ये न बोलता माझी पाळी येणंच शक्य नव्हतं. आज मी बोलते, तुम्ही ऐका.

अख्ख्या डोंबिवलीत तुम्ही 'सर' होतात. आपल्या हॉलच्या भिंतीवर फळा होता आणि संध्याकाळी दाराबाहेर चपलांचा ढीग. बाजारात जाताना दवाखान्याची पाटी दिसली की तुम्ही बोट दाखवायचात, "हा माझा विद्यार्थी." दहावीच्या निकालादिवशी तुम्ही मला स्टेथोस्कोप आणून दिलात. पेढ्यांच्या आधी तो. मला तो खरंच आवडला होता, हे खोटं कशाला सांगू? आईची, शेजारच्या काकूंची, गॅस घेऊन येणाऱ्या माणसाची, सगळ्यांची छाती मी ऐकून पाहिली. पण बारावीनंतर दोनदा परीक्षा देऊनही मेडिकलला नंबर लागला नाही. मी कार्डिॲक टेक्नॉलॉजीला प्रवेश घेतला, आणि तुम्ही म्हणालात, "म्हणजे दवाखान्यात वायरी लावणार. त्यासाठी एवढं शिकवलं का तुला?"

तेवढंही मी गिळलं असतं. पण तुम्ही लोकांना सांगायला लागलात की ती मेडिकलची पुन्हा तयारी करतेय. वर्षभर सांगत राहिलात. मग तो रविवार आला. कल्याणला स्वतःचं हॉस्पिटल काढलेला तुमचा जुना विद्यार्थी पेढे घेऊन आलेला. मी आणि आई स्वयंपाकघरात पोह्यांवर खोबरं घालतोय, आणि बाहेरून तुमचा आवाज येतो, "यंदा हिचा नंबर नक्की लागणार." मी बशा घेऊन बाहेर आले आणि म्हटलं, "नाही दादा, मी टेक्नॉलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे." तो बिचारा म्हणाला, "अरे वा, छान की!" तुम्ही पोह्यांना हातही लावला नाहीत. तो गेल्यावर म्हणालात, "चारचौघांत मला खोटं पाडलंस." मी म्हटलं, "खोटं मी बोलले नव्हते बाबा." त्यानंतर आठवड्याभरात तुम्ही माझ्या कपाटातला स्टेथोस्कोप काढलात आणि शिकवणीतल्या, मेडिकलला नंबर लागलेल्या मुलीच्या हातात दिलात. माझ्यादेखत. आई गॅस बंद करून बाहेर आली, "अहो, तिचा आहे तो." तुम्ही म्हणालात, "तिला आता काय करायचाय?"

त्याच्या पुढच्या वर्षी तुम्ही गेलात, किडनीच्या दुखण्याने. हृदय शेवटपर्यंत ठणठणीत होतं. तुमच्या उशाशी मॉनिटर होता आणि त्यावरची रेघ मी दिवसभर वाचत बसायचे. तुला त्यात काय दिसतं गं, असं तुम्ही एकदाही विचारलं नाहीत. शेजारच्या खाटेवरच्या आजोबांनी विचारलं.

मग आता न विचारता सांगते. डिग्री झाल्यावर ठाण्याच्या एका हॉस्पिटलात मी हृदयाच्या विजेचं काम शिकायला लागले. हो, वीजच. ठोका पडतो तो तिच्यामुळे. काही माणसांच्या हृदयात विजेला एक जादा वाट असते, मग बसल्याबसल्या छाती धडधडायला लागते आणि थांबत नाही. जांघेतल्या शिरेतून बारीक वायरी हृदयापर्यंत नेतात. ती वाट कुठे आहे ते शोधतात, आणि डॉक्टर पेडलवर पाय ठेवून ती जाळतात. काचेमागे बसून पडद्यावरचे सिग्नल बघायचे, हे आमचं काम. जादा वाटेला अगदी खेटून खरी वाट असते. तीच जळली तर पेशंटला जन्मभर छातीत पेसमेकर घेऊन जगावं लागतं. म्हणून सिग्नल बिघडताना दिसला की काचेमागच्याने ओरडायचं, "ऑफ!"

पहिल्यांदा मी ओरडले तेव्हा चुकले. एक सिग्नल गेला, मी ओरडले, डॉक्टरांनी पाय उचलला, आणि कळलं की नुसती वायर सरकली होती. "कोण ओरडलं?" डॉक्टरांनी विचारलं. "मी, सर." "नीट बघून बोलत जा. लहान मुलांचा खेळ नाहीये हा." माझे कान लाल झाले. बाबा, तो सूर मी जन्मापासून ओळखत होते. मला वाटलं, झालं, उद्यापासून मला मागे बसवणार. पण आमचे सीनिअर टेक्निशियन, मानपाड्याचे, चहा पिताना म्हणाले, "अगं, सरकलेली वायर परत लावता येते. जळलेली वाट परत नाय लावता येत. ओरडायचं. सरांची बोलणी खायला मी आहे ना."

काही महिन्यांनी तेच डॉक्टर आणि टेबलावर शीळफाट्याची एक कॉलेजातली मुलगी. पेडल दाबलं, आणि पडद्यावर वरच्या कप्प्याचे ठोके खाली पोचेनासे झाले. पुन्हा चुकले तर? तरी मी ओरडले, "ऑफ! सर, ऑफ!" त्यांचा पाय माझा शब्द संपायच्या आत वर आला होता. मग आम्ही सगळे पडद्याकडे बघत राहिलो. एक ठोका पोचला. मधला एक हुकला. मग सगळे पोचायला लागले. डॉक्टरांनी काचेतून विचारलं, "वाट आली परत?" मी म्हटलं, "आली." बस, एवढंच. मुलगी पेसमेकरशिवाय घरी गेली.

मोठ्यांच्या मध्ये बोलण्याचा मला पगार मिळतो, बाबा. तुम्ही ज्याला उद्धटपणा म्हणायचात, तो मी आता नव्या मुलींना शिकवते. आवाज खाली ठेवलेला इथे चालत नाही, असं पहिल्याच दिवशी सांगते. मी डॉक्टरांच्या मागे उभी नाही आणि डॉक्टर व्हायचं राहून गेलं म्हणून इथे आलेली नाही. ही जागा माझी आहे. हे तुम्हाला पटलं नसतं तरी मी इथेच असते.

हे कुठे पाठवायचं नाहीये, त्यामुळे एक सांगूनच टाकते. परवा विठ्ठलवाडीचे एक आजोबा घरी जायला निघाले होते. लिफ्टपाशी त्यांनी मला हात जोडले, "डॉक्टरबाई, तुमचे लई उपकार झाले." असं कुणी म्हटलं की मी लगेच दुरुस्त करते, "मी डॉक्टर नाही, टेक्नॉलॉजिस्ट आहे." कितीही घाईत असले तरी करते.

परवा नाही केलं. नुसतं हसले, आणि त्यांच्यासाठी लिफ्टचं बटण दाबलं.