नावापुढचं बुद्रुक

बाबा,

परवा आपल्या गावच्या ग्रामसभेत ठराव झाला. गावाच्या नावापुढचं ‘बुद्रुक’ काढून टाकायचं. तो अजून वर जायचा आहे, मंजूर व्हायचा आहे, वेळ लागेल म्हणतात. पण गावानं आपल्या तोंडानं सांगून टाकलं की हे आम्हाला नको. तुम्ही जाऊन तीस वर्षं झाली, तरी हे पहिलं तुम्हालाच सांगावंसं वाटलं. त्या शब्दाची काळजी करणारे गावात तुम्ही एकटेच होतात.

आपल्या पडवीत पोस्ट होतं. एक टेबल, शिक्का, शाईची गादी आणि एसटीनं येणारी पिशवी. पोस्टमास्तर तुम्हीच आणि दारोदार जाणारे पोस्टमनही तुम्हीच. नदीपलीकडे आपल्याच नावाचं दुसरं गाव. ते खुर्द, आपलं बुद्रुक. मुंबईला कामाला गेलेली माणसं घाईत नुसतं गावाचं नाव लिहीत, आणि पत्र कधी इकडे येई, कधी तिकडे जाई. मी चौथीत असेन. वरच्या वाडीतल्या एका बाईचा मुलगा मुंबईत आजारी पडला. त्याच्या खोलीतल्या माणसांनी कळवलं, पण ते पत्र खुर्दात त्याच आडनावाच्या घरी गेलं आणि आठ दिवस तिथेच राहिलं. शेवटी तुम्ही नदी ओलांडून ते आणलंत आणि तिच्या अंगणात उभं राहून वाचून दाखवलंत. ती मुंबईला पोचली तेव्हा मुलगा गेलेला होता. त्या दिवशी तुम्ही जेवला नाहीत. आई म्हणाली, “तुमी काय करणार होतात?” तुम्ही म्हणालात, “तीन अक्षरं लिवायला होवी होती गो त्यांनी. तीनच.” त्यानंतर मुंबईला निघालेल्या प्रत्येकाला तुम्ही एका कोऱ्या कार्डावर पूर्ण पत्ता लिहून देत होतात.

मी अकरावीला रत्नागिरीत आले तेव्हा कळलं की या शब्दाचा दुसराही उपयोग आहे. वसतिगृहात कुणी नीट वेणी घातली नाही की मुली म्हणायच्या, “काय बुद्रुक दिसतेस.” लांबच्या, एसटी दिवसातून एकदाच जाते अशा कुठल्याही गावाला बुद्रुक म्हणायचे. आडगाव, कुग्राम हे शब्द पुस्तकातले, बोलताना मात्र हाच. मी कुणालाही गावाचं पूर्ण नाव सांगितलं नव्हतं. मग एक दिवस तुम्ही आलात, शिष्यवृत्तीच्या अर्जावर सही करायला. पायात धूळ, हातात आमसुलांची पिशवी. कचेरीच्या खिडकीत कारकुनानं पत्ता विचारला आणि तुम्ही तो सावकाश, मोठ्यानं सांगितलात, सांगून झाल्यावर “बुद्रुक” असं परत एकदा म्हणालात, त्यानं गाळू नये म्हणून. मागे रांगेत माझ्या वर्गातल्या दोघी होत्या. त्या हसल्या. मी तुमच्याकडे न बघता म्हटलं, “नुसतं रत्नागिरी लिहा ना.”

तुम्ही अर्जावर सही केलीत. एसटी स्टँडवर बाकावर बसल्यावर म्हणालात, “बाय, बुद्रुक म्हंजे काय म्हाईत हाय तुला?” तुम्ही सांगितलंत की खाडीकडच्या गावातले एक वयस्कर मौलवी पत्र टाकायला यायचे, त्यांना तुम्ही विचारलं होतंत. मूळ शब्द बुजुर्ग. फारसी. थोरलं, मोठं. आणि खुर्द म्हणजे धाकटं. जुन्या कारभारात एका नावाची दोन गावं असली की असं लिहीत, आणि लिहिता बोलता आपल्या लोकांनी त्याचं बुद्रुक केलं. “म्हंजे लाज वाटायचीच असंल तर ती खुर्दवाल्यांनी वाटून घ्यावी,” असं म्हणून तुम्ही हसलात. मला हसू आलं नाही. मी म्हटलं, “हे तुम्ही किती जणांना सांगत फिरणार?” तुमचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं, पण मागे काही उरलं नाही. गाडी लागली. तुम्ही पिशवी माझ्या हातात दिलीत आणि चढलात. त्या दिवसाबद्दल पुढे आपण कधीच बोललो नाही. बोलेन बोलेन म्हणता वर्षं गेली, आणि तुम्ही अचानक गेलात.

परवाची सभा शाळेच्या व्हरांड्यात होती. शिमग्याला चाकरमानी आलेले, म्हणून ठराव आत्ताच घेतला. मांडणारा मुलगा चांगला आहे, मुंबईत कंपनीत आहे. तो म्हणाला, “पत्ता सांगितला की समोरचा हसतो. मुलींच्या स्थळांना फोनवर गाव सांगायची चोरी झालीय. आणि आता पत्रं येतायत कुठे? फोनमध्ये नकाशा आहे, खुर्दात कोण चुकून जाणार?” मी उभी राहिले. रत्नागिरीत आयुष्यभर मराठी शिकवलेली बाई, म्हणून सगळे शांत झाले. मी बुजुर्ग सांगितलं, मौलवी सांगितले, वरच्या वाडीतल्या त्या बाईचं पत्रही सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, बाबा. कुणी थट्टा केली नाही. तो मुलगा नम्रपणे म्हणाला, “काकी, तुमचं खरं आहे. पण हसणाऱ्याला अर्थ सांगून त्याचं हसणं थांबतं का?” मग मागून एका कॉलेजातल्या मुलीनं विचारलं, “काकी, तुम्ही तुमच्या कागदांवर कसं लिहिता?” तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी खाली बसले. माझ्या नोकरीच्या सेवापुस्तकावर, लग्नाच्या पत्रिकेवर, पेन्शनच्या कागदांवर, कुठेही तो शब्द नाही. मूळ गाव या रकान्यात मी पस्तीस वर्षं नुसतं रत्नागिरी लिहीत आले.

हात वर झाले. माझा झाला नाही, पण त्यानं काय फरक पडणार होता. मग ग्रामसेवक माझ्याकडे आले आणि म्हणाले, “बाई, तुमची भाषा शुद्ध. तेवढा ठराव लिहून देता का?” नाही म्हणायला मला एकही कारण सापडेना. मी शाळेच्या बाकावर बसून तो लिहिला.

हे पत्र कुठे टाकणार नाही, कपाटात राहील. पण एक तुम्हाला सांगते, दुसऱ्या कुणाला सांगता येणार नाही. तो ठराव लिहिताना माझा हात कुठे अडला नाही. अक्षर छान आलं, आणि सही करून उठले तेव्हा मला हलकं वाटत होतं.